कायदा वाचायला जायचे कुठे?

आमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातले ग्रंथालय बंद करून ती खोली दुसऱ्या कामाला घ्यावी, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना करणारे माझेच सहकारी आहेत, त्यांतले काही नावाजलेले वकील आहेत आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: निवाडे आता सगळे मोबाइलवर मिळतात, ग्रंथालयात कोणी फिरकत नाही, पुस्तके जुनी झाली, त्यांतली कित्येक तर रद्द झालेल्या कायद्यांची आहेत, आणि पक्षकारांना आवारात उभे राहायला जागा नसताना एवढी मोठी खोली कपाटांनी अडवून ठेवणे बरे नव्हे. यातली पहिली तीन कारणे तपासली तर टिकत नाहीत. चौथे कारण खरे आहे, पण त्यावर काढलेला उपाय ज्यांच्या नावाने सांगितला जातोय त्या पक्षकारांच्याच मुळावर येणारा आहे.

मोबाइलकडे वळण्याआधी पन्नास रुपयांच्या एका दंडाची हकिकत सांगतो. जयपूर संस्थानचे महाराज अज्ञान होते तेव्हा कारभार पाहणाऱ्या मंत्रिमंडळाने ११ डिसेंबर १९२३ रोजी ठराव करून अफूचा कायदा मंजूर केला. तो राजपत्रात छापला नाही, दवंडी पिटून सांगितला नाही, कुठे चिकटवलाही नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्याच कायद्याखाली दोषी धरले आणि पन्नास रुपये दंड केला. रक्कम क्षुल्लक होती, तरी तो माणूस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५१ मध्ये जिंकला. निकाल लिहिला न्या. व्हिव्हियन बोस यांनी, जे त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा, की लोकांना प्रवेश नसलेल्या दालनात झालेला ठराव म्हणजे कायदा नव्हे. जो कायदा माणसाला प्रयत्न करूनही कळणे शक्य नव्हते, त्याखाली त्याला शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे.

कायदा माहीत नव्हता ही सबब न्यायालयात चालत नाही, हे आपण पक्षकाराला रोज सुनावतो. हरलाच्या निकालाने त्याची दुसरी बाजू सांगितली: सबब ऐकून घेणार नसाल, तर कायदा कळण्याची वाट तरी खुली ठेवा. आज कायदे राजपत्रात छापले जातात, म्हणजे तांत्रिक अट पुरी होते. पण आमच्या तालुक्यांतून सकाळच्या एसटीने तारखेला येणाऱ्या माणसाला ते राजपत्र, त्यानंतरच्या दुरुस्त्या, त्याखालचे नियम आणि त्यावरचे निवाडे एका जागी, फुकट आणि कोणाच्या मदतीने पाहायला मिळतील अशी जागा अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे. तिलाच कुलूप लावायचे चालले आहे.

आता मोबाइल. मी स्वतः रोज वापरतो. इंडियन कानून या संकेतस्थळाने २००८ पासून जे काम केले आहे, त्याबद्दल प्रत्येक वकिलाने कृतज्ञ असले पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपले निवाडे ई-एससीआरवर मोफत खुले केले, त्यांतले काही मराठीतही येऊ लागले, ही मोठी गोष्ट झाली. पण निवाडा मिळणे वेगळे आणि कायदा सापडणे वेगळे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितले, की निवाड्याचा मूळ मजकूर सर्वांचा आहे, मात्र संपादकाने कसब लावून केलेले काम, म्हणजे सारांश, टिपा, मांडणी, हे प्रकाशकाचे आहे. परिणाम उघड आहे. फुकट मिळतो तो ऐंशी पानांचा कच्चा निवाडा. त्यातला नेमका मुद्दा कोणता, तो पुढे कोणत्या खंडपीठाने फिरवला, कोणत्या राज्यदुरुस्तीने निकामी केला, हे सांगणारा भाग सशुल्क आहे. ती वर्गणी जिल्ह्याच्या ठिकाणचे मोजके वकील भरतात. ज्युनिअरांना ती झेपत नाही आणि पक्षकाराला तर तिचे नावही माहीत नसते. ग्रंथालयातल्या कपाटात तोच सारांश, तीच कॉमेंटरी छापील रूपात उभी आहे, आणि ती उघडायला पासवर्ड लागत नाही.

हे किती खरे आहे ते एका प्रकरणावरून सांगतो. एक बाई वडिलांच्या जमिनीच्या वाटपासाठी भांडत होत्या. भावांनी १९९८ मध्ये नोंदणीकृत वाटप करून घेतले होते, त्यात बाईंना हिस्सा नव्हता. मुलींना समान हक्क देणारी हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या नोंदणीकृत वाटपांना तिने हात लावलेला नाही. फोनवर कलम ६ शोधले, की समोर येते ते हेच आजचे रूप. बाईंच्या भाच्याने ते वाचून दाखवले आणि त्यांना सांगितले, की आत्या, आता काही होणार नाही.

त्या तारखेला आल्या होत्या, त्यांचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते, म्हणून ग्रंथालयाच्या बाकावर येऊन बसल्या. आमच्या ग्रंथपालांनी विचारले, "ताई, लग्न कधी झालं तुमचं?" १९९५, त्या म्हणाल्या. ग्रंथपाल उठले आणि मागच्या कपाटातून हिंदू कायद्यावरची नव्वदच्या दशकातली एक कॉमेंटरी घेऊन आले. कडा पिवळ्या पडलेल्या, बांधणी दोऱ्यावर आलेली. त्यात महाराष्ट्राची स्वतःची दुरुस्ती छापलेली होती: २२ जून १९९४ पासून लागू, कलम २९-अ, मुलगी जन्मतःच सहदायाद; वगळले आहे ते त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना. बाईंचे लग्न त्या तारखेनंतरचे. म्हणजे १९९८ मध्ये वाटप झाले तेव्हा महाराष्ट्राच्या कायद्याने त्या हिस्सेदार होत्या आणि त्यांना वगळून ते वाटप झाले होते. त्यांनी ते पान दोनदा वाचले, बोट ठेवून. मग वहीच्या पानावर कलमाचा आकडा लिहून घेतला आणि वकिलांना दाखवला. भावांनी मुदतीचा मुद्दा घेतला आहे, दावा चालू आहे, त्याबद्दल मी आणखी बोलणार नाही. पण युक्तिवाद उभा राहिला तो या खोलीत, जुन्या म्हणून रद्दीत काढायला निघालेल्या पुस्तकातून, आणि नेमका प्रश्न विचारणाऱ्या माणसामुळे.

या ग्रंथपालाचा उल्लेख सूचनेत कुठेच नाही, याचे मला सर्वांत वाईट वाटते. खोली, कपाटे, चौरस फूट यांचा हिशेब झाला आहे. लग्न कधी झाले हे विचारणाऱ्या माणसाचा झालेला नाही. कोणत्या आवृत्तीत कोणती दुरुस्ती आहे, मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६ वरचे मराठी पुस्तक कोणत्या फळीवर आहे, खोती निर्मूलनाचा १९४९ चा कायदा कशात सापडेल, हे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात वर्षानुवर्षे साठते. खोली गेली की ते जाते आणि नव्याने उभे करायला एक पिढी लागते.

शोधयंत्राला नेमका शब्द द्यावा लागतो, आणि ज्याला कायदा माहीत नाही त्याच्याकडे तो शब्दच नसतो. हल्ली त्यावर सांगितला जाणारा उतारा म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेला साध्या भाषेत प्रश्न विचारायचा. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात २०२३ मध्ये माता विरुद्ध एव्हिआन्का या खटल्यात वकिलांनी हेच केले. यंत्राने दिलेले निवाडे त्यांनी जसेच्या तसे दाखल केले आणि ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. पाच हजार डॉलर दंड झाला. तिथे चूक पकडली गेली, कारण समोरच्या वकिलांनी आणि न्यायाधीशांनी मूळ निवाडे शोधून पाहिले. आमच्याकडे ज्या पक्षकाराला यंत्राने असाच दाखला दिला, त्याने तो ताडून पाहायचा कशात? खंड, वर्ष, पान हातात घेऊन ते पान उघडायचे आणि तिथे तो निवाडा आहे की नाही ते पाहायचे, याहून साधी आणि भरवशाची पडताळणी मला माहीत नाही.

ही माझी वैयक्तिक आवड नाही. कायद्यालाच पुस्तक अभिप्रेत आहे. भारतीय पुरावा अधिनियम १८७२ च्या कलम ५७ मध्ये, न्यायालयाने कोणत्या गोष्टींची न्यायिक दखल घ्यावी हे सांगितले आहे. एखाद्याने तशी मागणी केली, तर योग्य तो ग्रंथ किंवा दस्तऐवज हजर करेपर्यंत न्यायालय ती नाकारू शकते, असेही तिथेच म्हटले आहे. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम १ प्रमाणे पक्षकार स्वतः हजर राहून आपली बाजू मांडू शकतो. म्हणजे एका कायद्याने त्याला बोलायचा हक्क दिला, दुसऱ्याने ग्रंथ आणायला सांगितले, आणि आम्ही त्याच आवारातली ग्रंथांची खोली बंद करणार.

यावर मला सांगण्यात आले, की गरजूंना मोफत वकील मिळतोच. मिळतो, आणि मिळालाच पाहिजे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ ने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतले आरोपी अशा अनेकांना तो हक्क दिला आहे. पण ते काम करणारे वकील कोण असतात? बहुतेक वेळा तरुण, स्वतःचे ऑफिस नसलेले, बार रूममधल्या खुर्चीवरून वकिली करणारे. त्यांना मिळणाऱ्या मानधनात महागड्या डेटाबेसची वर्गणी बसत नाही. या खोलीचा सर्वांत जास्त आधार त्यांनाच आहे. ग्रंथालय काढून घेतले, की मोफत वकील तेवढा कमजोर होतो, आणि समोरच्या बाजूला मोठ्या फीचा वकील असेल तर तो तोल आणखी ढळतो.

कोणी येत नाही, हे विधान नोंदवहीवरून केले आहे. मी ती नोंदवही पाहिली. ती पुस्तके घरी नेणाऱ्या सभासदांची आहे, आणि सभासद म्हणजे फक्त वकील. टेबलाशी बसून वाचणाऱ्याची नोंद होत नाही. दुपारच्या सुट्टीत येऊन बेअर ॲक्टमधले कलम उतरवून घेणारा ज्युनिअर तिच्यात नाही. परीक्षा जवळ आली की येणारी विधी महाविद्यालयातली मुले नाहीत. न्यायाधीशांनी युक्तिवाद सुरू असताना मागवलेला खंड शिपाई घेऊन जातो, तोही नाही. पक्षकार तर त्या वहीत कधीच येणार नाही, कारण त्याला सभासद होताच येत नाही. ज्यांची नोंद करायचीच नाही असे ठरले आहे, ते येत नाहीत असा निष्कर्ष त्याच वहीतून काढला आहे. शिवाय गेली काही वर्षे नव्या पुस्तकांची खरेदी आटली, खोली पाचला बंद होऊ लागली, दिवे गेले ते लवकर बदलले नाहीत. एखाद्या विहिरीचा उपसा थांबवायचा, गाळ साचू द्यायचा आणि मग पाणी कोणी भरत नाही म्हणून ती बुजवायची, तसा हा प्रकार आहे.

जुन्या पुस्तकांबद्दल बोलताना माझ्या सहकाऱ्यांनी भारतीय दंड संहितेचे उदाहरण दिले. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, पुरावा कायदा गेला. मग ती कपाटे कशाला? हे वाचून मी थोडा वेळ थांबलोच, कारण हे लिहिणारे रोज फौजदारी न्यायालयात उभे राहतात. ३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या प्रत्येक गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागू आहे. संविधानाच्या अनुच्छेद २० ने तसा पहारा बसवला आहे. २०२३ मधला खून आजही कलम ३०२ खालीच चालतो. आपल्याकडे खटले किती वर्षे चालतात, मग अपिले किती वर्षे चालतात, हे मी वकिलांना सांगायला नको. जुन्या दंड संहितेवरच्या कॉमेंटऱ्या पुढची वीस वर्षे तरी लागणार आहेत, आणि त्या आता नव्याने छापल्या जाण्याची शक्यता दरवर्षी कमी होत जाईल.

महसुलाच्या आणि दिवाणी बाजूला तर जुने पुस्तक हेच चालू पुस्तक असते. कुळकायद्याच्या प्रकरणात १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी जमीन कोणाच्या कब्जात होती हे आजही पाहावे लागते, आणि त्या दिवशी कलमाचा मजकूर काय होता तेही. महार वतनाच्या जमिनींचे वाद १९५८ च्या कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्यापाशी जातात. सरकारी संकेतस्थळावर कायदा उघडला, की सर्व दुरुस्त्यांसह आजचा मजकूर समोर येतो. १९५७ चा मजकूर हवा असेल तर दुरुस्त्या एकेक करून मागे उलगडत जावे लागते. ग्रंथालयात त्या काळातली आवृत्ती सरळ काढून टेबलावर ठेवता येते.

त्याच मागच्या रांगेत बॉम्बे लॉ रिपोर्टरचे खंड आहेत. १८९९ मध्ये ते सुरू झाले. १९३७ चा एकोणचाळिसावा खंड काढा, पान १२९५ उघडा. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. महाडच्या चवदार तळ्याचा हा खटला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची आमची परंपरागत रूढी आहे, असा वादींचा दावा होता. मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड यांनी तो फेटाळला, कारण रूढीला कायद्याचे बळ हवे असेल तर ती अनादी काळापासून चालत आलेली असली पाहिजे, आणि ते वादींना सिद्ध करता आले नाही. हा निवाडा संगणकावरही मिळतो, हे मला ठाऊक आहे. पण रूढी आणि वहिवाट यांवरचा प्रश्न घेऊन आलेल्या ज्युनिअरला मी नेहमी तो खंडच हातात देतो. एका खंडात शेजारी शेजारी शेताच्या बांधाचा वाद, दत्तकाचा वाद आणि हा वाद छापलेला दिसतो, तेव्हा कायदा कसा वाढतो हे त्याला न सांगता कळते. विधी महाविद्यालयातल्या मुलांना मी मुद्दाम तिथे नेतो. आंबेडकरांचे नाव प्रतिवादी म्हणून छापलेले पाहून ती गप्प होतात आणि मग पुढचे पान स्वतःहून उलटतात.

पैशाचा मुद्दा उघड मांडला गेला नाही, पण कुजबुज त्याचीच आहे. दिवाणी दावा लावताना पक्षकार दाव्याच्या किमतीवर कोर्ट फी भरतो; महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा २०१८ मध्ये तीन लाखांवरून दहा लाखांवर नेण्यात आली. कोर्ट फी हा कर नव्हे, तिचा संबंध न्यायदानाच्या खर्चाशी असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने मद्रास सरकार विरुद्ध झेनिथ लॅम्प या प्रकरणात सांगून पन्नास वर्षे उलटली. ई-कोर्ट्‌स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले, ते योग्यच झाले. जिल्हा ग्रंथालयांची वर्षाची पुस्तकखरेदी आणि एका प्रशिक्षित माणसाचा पगार एवढ्या मोठ्या व्यवस्थेला जड जाणार नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १८९१ मध्येच काउंटी पातळीवरच्या कायदा ग्रंथालयांची तरतूद केली. दिवाणी दावा दाखल करताना भरलेल्या शुल्कातला वाटा तिकडे जातो, आणि न्यायाधीश व वकिलांबरोबरच काउंटीतल्या प्रत्येक रहिवाशाला तिथे विनामूल्य वाचता येते, असे कायद्यातच लिहिले आहे. दावा लावणाऱ्याच्या पैशातून दावा समजून घेण्याची सोय, हा हिशेब मला सरळ वाटतो. आपल्याकडेही महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खाली गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळते. न्यायालयाच्या आवारातल्या ग्रंथालयाचा विचार त्या धर्तीवर कोणी केलेला नाही.

इथे मला माझ्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. आपण पक्षकाराच्या नावाने ग्रंथालय वाचवायला निघालो आहोत, पण आजच्या नियमांत पक्षकाराला तिथे पाऊल ठेवायचा हक्क नाही. त्या बाई बसल्या त्या ग्रंथपालांच्या माणुसकीमुळे. उद्या दुसरा माणूस आला आणि त्याने हटकले, तर बोलायला जागा नाही. ही खोली सरकारी इमारतीत आहे, सरकारी विजेवर चालते, आणि ती केवळ आपल्या सभासदत्वाची चीज आहे असे आपण वर्षानुवर्षे मानत आलो. त्यामुळेच ती बंद करायची सूचना आली तेव्हा आपल्याबाहेर कोणालाही त्याचे काही वाटले नाही.

जागेची अडचण मात्र खरी आहे. आवारात बायका लहान मुले घेऊन जिन्यात बसतात, हे मी रोज पाहतो. पण तळमजल्यावरच्या दोन खोल्या मोडक्या खुर्च्या, बंद पडलेले संगणक आणि मुदत संपूनही न हलवलेले गठ्ठे यांनी भरल्या आहेत. मुदत संपलेले अभिलेख नष्ट करण्याचे नियम आहेत, ते पाळले तर पक्षकारांसाठी बसायची जागा होते. ई-सेवा केंद्र हवे असेल, तर त्याचे दोन संगणक ग्रंथालयातच ठेवावेत. प्रकरणाची पुढची तारीख पाहायला आलेला माणूस दोन पावलांवर त्या प्रकरणाचा कायदाही पाहू शकेल.

येत्या सर्वसाधारण सभेत मी लेखी ठराव देतो आहे. ग्रंथालय आहे त्याच जागी राहावे. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊ ते सायंकाळी सात उघडे असावे. ओळखपत्र दाखवून कोणाही नागरिकाला तिथे बसून वाचता यावे आणि त्याची वेगळी नोंद ठेवावी. एका डेटाबेसची वर्गणी ग्रंथालयाच्या नावाने घेऊन तो तिथल्या संगणकावर सर्वांना खुला असावा. २०२४ पूर्वीच्या फौजदारी कायद्यांची आणि महसुली कायद्यांच्या जुन्या आवृत्त्यांची यादी पूर्ण होईपर्यंत एकही पुस्तक रद्दीत जाऊ नये. आणि ग्रंथपालांची निवृत्ती येण्याआधी त्यांच्या हाताखाली दुसरा माणूस नेमावा. सूचक म्हणून मी सही केली आहे. ज्यांनी बंदीच्या सूचनेवर सही केली, त्यांच्यापैकी कोणी अनुमोदक म्हणून पुढे आले, तर मी तो कागद घेऊन स्वतः त्यांच्याकडे जाईन.